नागपूरहून प्रवाळाकडे: पहिल्यांदा डायव्हिंग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की माझा फोन वाजायला लागतो. धरमपेठेतून, मानेवाड्यातून, कामठीहून, कधी वर्ध्याहूनही. "ताई, अंदमानला जाऊन राहिलो. ते पाण्याखाली जायचं आपल्याला जमेल का?" मी प्रशिक्षक नाही. रीतसर शिकलेली डायव्हर आहे, गेली काही वर्षं जवळपास दर हिवाळ्यात समुद्रात उतरते, आणि इथे नागपुरात ओळखीच्यांची स्विमिंग टँकमध्ये थोडी तयारी करून घेते. फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. वैद्यकीय बाबतीत शेवटचा शब्द डॉक्टरांचा आणि पाण्यात तुमच्या प्रशिक्षकाचा.

पोहता येत नाही. तरी जाता येईल का?

येईल. "डिस्कव्हर स्कूबा" किंवा "ट्राय डाइव्ह" नावाने जी पहिली डुबकी मिळते, तिच्यात प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. तुमचं जॅकेट फुगवणं, हवा सोडणं, वर-खाली होणं सगळं तोच सांभाळतो. पोहण्याची अट येते ती पुढे. "ओपन वॉटर" हा पहिला पूर्ण कोर्स करायचा तर २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगून.

तरीही माझा आग्रह असतो की नागपुरातून निघण्याआधी निदान तरंगायला शिका. डुबकीत पोहावं लागतं म्हणून नाही, मन शांत राहावं म्हणून. मी ज्यांना घाबरताना पाहिलं ते बहुतेक खोलीला घाबरले नव्हते, नाकाला लागलेल्या पाण्याला घाबरले होते. लहानपणापासून डोक्यावर तांब्या ओतताना आपण नाक मिटून श्वास धरतो. ती सवय शरीरात खोल बसलेली असते. ती मोडायला समुद्र लागत नाही. टँकच्या उथळ टोकाला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची वाकडी नळी, तोंडात धरा, मास्क न लावता चेहरा पाण्यात घाला आणि पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत डोकं वर येईल. आठव्या दिवशी पाच मिनिटं कशी गेली ते कळणार नाही. ज्याला हे जमलं, त्याची निम्मी तयारी इथेच झाली.

किती खोल नेतात?

पहिल्या डुबकीसाठी पॅडी या संस्थेची मर्यादा १२ मीटर आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना पाच ते आठ मीटरवरच फिरवतात. यावर लोक हिरमुसतात. "एवढंच?" हा प्रश्न मला नेहमी येतो आणि त्याचं उत्तर मी नेहमी सविस्तर देते.

उथळ पाणी ही नवख्यांसाठी केलेली तडजोड नाही. प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो, आणि म्हणून प्रवाळाची सगळ्यात गजबजलेली वस्ती वरच्या पाण्यातच असते. पाणी प्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच मीटरलाच लाल फिका पडायला लागतो, पंधरा-वीस मीटरवर टॉर्चशिवाय सगळं निळं-राखाडी दिसतं. खोल गेलेल्या माणसाला जे रंग टॉर्च लावून शोधावे लागतात, ते तुम्हाला पाच मीटरवर उन्हात आपसूक दिसतात.

हवासुद्धा जास्त पुरते. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो जमिनीच्या दुप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्च होते. सहा मीटरवर हाच हिशोब १.६ पट. साध्या सिलेंडरवर नवशिक्याला तिथे पाऊण तास सहज मिळू शकतो. रक्तात नायट्रोजन साचण्याची काळजीही कमी. डायव्हिंगच्या तक्त्यांत १० मीटरवर राहायची मुभा साडेतीन तासांहून जास्त आहे, त्याच्या किती तरी आधी हवा संपत येते.

मी आता तीस मीटरपर्यंत जाऊ शकते. पण ज्या डुबक्या अजून स्वप्नात येतात त्या सगळ्या सात-आठ मीटरच्या आहेत.

पाठीवर ऑक्सिजनचा सिलेंडर असतो ना?

नाही. साधी, गाळलेली हवा असते. २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळपास सगळा नायट्रोजन, आत्ता तुम्ही घेताय तीच. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली शरीराला विषारी ठरतो. नेहमीच्या सिलेंडरमध्ये ही हवा २०० बार दाबाने भरलेली असते. अकरा लिटरच्या नळकांड्यात बावीसशे लिटर हवा. तोंडातला रेग्युलेटर तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच, आणि त्या खोलीच्या दाबाने, हवा देतो. ही युक्ती फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये जमवली, त्याआधी हौशी माणसाला हे सुख नव्हतं. सिलेंडरमधली हवा कोरडी असते, घसा सुकतो. आधी भरपूर पाणी प्या.

कान फार दुखतात म्हणे. खरं का?

काळजी घेतली नाही तर दुखतात. घेतली तर नाही.

घाट उतरताना कानाला दडे बसतात, विमान खाली येताना बसतात, तेच इथे होतं, फक्त फार लवकर. गोष्ट अशी की दाबातला सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच असतो. पाण्यावर भरलेला फुगा १० मीटरवर निम्मा होतो. पुढच्या दहा मीटरमध्ये तो निम्म्यावरून मूळच्या एक तृतीयांशावर येतो, म्हणजे फरक कमी. कानाच्या पडद्यामागची हवाही अशीच आकसते आणि पडदा आत ओढला जातो. उपाय म्हणजे नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकात हवा ढकलायची. घशापासून कानाकडे जाणारी नळी उघडते, "टक्" असं होतं आणि कान मोकळा होतो.

हे दुखायच्या आधी करायचं. पाण्यात डोकं जाण्याआधी एकदा, मग दर अर्ध्या-पाऊण मीटरला. दुखायला लागल्यावर जोर लावून काही होत नाही, उलट इजा होते. कान सुटत नसेल तर प्रशिक्षकाला हात दाखवा, एक मीटर वर या, पुन्हा करा. तरीही सुटला नाही तर त्या दिवशी डुबकी रद्द. पैसे गेले तरी रद्द.

हे मी एवढं ठासून सांगते, कारण एकदा मी ऐकलं नव्हतं. नागपूरहून निघतानाच सर्दी होती, इतक्या लांब आलोय म्हणून नाक चोंदलेलं असताना उतरले. चार मीटरवर डाव्या कानात कळ आली, तरी खाली गेले. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्ताचे थेंब होते आणि पुढचे तीन आठवडे त्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. सोबतच्या माणसानेही "सर्दीची गोळी घ्या, सुटेल" असंच सांगितलं होतं. तसं करू नये. गोळीचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि ते खाली जाताना अडकण्यापेक्षा वाईट.

मी रोज प्राणायाम करतो, दीड मिनिट श्वास रोखतो. फायदा होईल ना?

अनुलोम-विलोमाचा होईल, कुंभकाचा अजिबात नाही. स्कूबाचा पहिला नियम हाच की श्वास कधीही रोखायचा नाही. पाच मीटरवर छातीभर हवा घेऊन, ती धरून तुम्ही वर आलात तर ती हवा दीडपट होऊ पाहते, आणि फुप्फुस दीडपट होत नाही. ही इजा व्हायला दीड मीटर पाणीही पुरतं, म्हणून उथळ पाण्यात निष्काळजी राहायचं नाही. टँकमध्ये सिलेंडर लावून सराव करतानाही हा नियम तोच.

मात्र ज्यांना लांब, संथ उच्छ्वासाची सवय आहे, ते पाण्यात लवकर स्थिरावतात. श्वास घेतला की शरीर थोडं वर तरंगतं, सोडला की थोडं खाली जातं. अनुभवी डायव्हर प्रवाळावरून जाताना हातपाय मारत नाही, श्वासाने उंची सांभाळतो. त्यामुळे मी लोकांना सांगते, चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, मध्ये थांबू नका.

नळी तोंडातून निघाली तर? मास्कमध्ये पाणी गेलं तर?

दोन्ही होतं आणि दोन्हीचा सराव उतरण्याआधी उथळ पाण्यात करून घेतात. रेग्युलेटर निघाला तर हळू बुडबुडे सोडत राहा, तो परत तोंडात ठेवा, एक जोराचा उच्छ्वास टाका, आतलं पाणी बाहेर जातं. मास्कमध्ये पाणी आलं तर वरची कड कपाळाशी दाबा, वर पाहा, नाकाने हवा सोडा. रेग्युलेटरमध्ये खोकता येतं, शिंकता येतं, उलटीसुद्धा होऊ शकते. त्यात अडकून काही राहत नाही.

जो प्रशिक्षक हा सराव न करवता थेट नेतो, त्याच्यासोबत जाऊ नका.

कुणी जाऊ नये?

गरोदर असाल तर नाही. फिट येण्याचा आजार, एकदा फुप्फुसातून हवा गळून ते आकसलेलं असणं, कानाचा पडदा फाटलेला असणं, हृदयाचा चालू त्रास, यांत नाही. दमा, रक्तदाब, मधुमेह, कानाचं किंवा छातीचं जुनं ऑपरेशन, यांत आधी डॉक्टर.

आणि आपल्या विदर्भासाठी एक वेगळी गोष्ट, जी किनाऱ्यावर कुणी विचारेलच असं नाही. सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार किती घरांत आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही. ऑक्सिजन कमी पडला, शरीर कोरडं पडलं, गारठलं किंवा फार दमलं की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. डुबकीत यातली प्रत्येक गोष्ट घडू शकते. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांनी स्कूबा करू नये. जे वाहक आहेत त्यांनी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय उतरू नये. घरात कुणाला आहे आणि तुमची तपासणी झालेली नाही, तर जाण्याआधी इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी करून घ्या. ती तशीही उपयोगी आहे.

किनाऱ्यावर एक वैद्यकीय प्रश्नावली देतात. बोट सुटायची घाई असते, मागे रांग असते, आणि लोक सगळीकडे "नाही" लिहून मोकळे होतात. ती प्रश्नावली घरी मागवून घ्या आणि घरीच, खरी भरा. एखादं उत्तर "हो" असेल तर सही नागपूरच्या डॉक्टरांकडून आणता येईल. तिथे गेल्यावर नाही आणता येणार.

पोट्ट्यांना नेता येईल का? आणि साठी ओलांडलेल्या आईबाबांना?

समुद्रातल्या पहिल्या डुबकीसाठी किमान वय १० वर्षं. आठ वर्षांच्या मुलांना टँकमध्ये दोन मीटरपर्यंत शिकवणारे कार्यक्रम असतात. मुलाला स्वतःला जायचंय का, हे एकदा त्याला बाजूला घेऊन विचारा. फोटोसाठी ढकललेलं मूल पाण्याखाली "मला नाही जायचं" असं बोलू शकत नाही.

वरची वयोमर्यादा नाही. माझ्यासोबत आलेल्या एका काकू निवृत्तीनंतर पहिल्यांदा उतरल्या, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून. गुडघे जमिनीवर त्रास देत होते, पाण्यात नाही.

कधी जावं? मुलांना मे महिन्यातच सुट्ट्या असतात.

मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा सगळ्यात अवघड प्रश्न. नागपूर नवतप्यात भाजत असतं त्याच सुमारास नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात पोचलेला असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, पाणी गढूळतं. मेच जमत असेल तर पहिला आठवडा धरा. शक्य असेल तर नोव्हेंबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत जा. फेब्रुवारी-मार्च मला सर्वांत आवडतो. समुद्र निवांत, पाणी साधारण २७ ते ३० अंश. तरी पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा पंचवीस पट वेगाने ओढतं, म्हणून तीन मिलिमीटरचा वेटसूट देतात तो घालाच.

मालवणचा हंगाम ऑक्टोबरनंतर सुरू होतो आणि मेपर्यंत जमेल तसा चालतो. पावसाळ्यात बंद.

मालवण की अंदमान?

वेगळ्या गोष्टी आहेत. मालवण-तारकर्ली आपल्याच राज्यात, कुडाळ स्टेशनावर उतरून जाता येतं, खर्च कमी. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे, मासेही आहेत, पण ते खडकावर ठिकठिकाणी वाढलेलं प्रवाळ आहे, आणि पाणी बऱ्याचदा हिरवट, चार-पाच मीटरपलीकडचं न दिसणारं. पाण्याखाली श्वास घेऊन कसं वाटतं हे पाहायला मालवण उत्तम. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथला टँक शिकायला चांगला.

प्रवाळाची भित्तिका, म्हणजे नजर पोचेल तिथवर पसरलेली जिवंत वस्ती पाहायची, तर अंदमान किंवा लक्षद्वीप. भारतात अशा वस्तीचे मोठे प्रदेश चारच: कच्छचं आखात, मन्नारचं आखात आणि पाल्कचा उपसागर, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि बेत बराच आधी करावा लागतो. त्याची कंकणाकृती बेटं आणि आतलं शांत, उथळ सरोवर नवशिक्याला फार मानवतं. अंदमानात पोर्ट ब्लेअर, आताचं श्रीविजयपुरम, इथे उतरून बोटीने हॅवलॉकला जायचं. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, बोटवाले दोन्ही नावं घेतात. पहिल्यांदाच जाणार असाल आणि एकदाच खर्च करू शकत असाल, तर माझं मत अंदमान.

विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्यावरचं प्रवाळ फार समृद्ध आहे. पण तो वीस मीटर आणि त्याखालचा, भर समुद्रातला मामला आहे, पहिल्या डुबकीचा नाही.

प्रवाळ म्हणजे दगड, की झाड, की प्राणी?

प्राणी. आणि त्याच्या पोटात झाड, आणि खाली त्याने स्वतः बांधलेला दगड.

एकेक प्राणी, पॉलिप, बहुतेक वेळा ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. मऊ पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती शुंडकं. असे हजारो मिळून एक वसाहत. त्यांच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतं. बदल्यात प्रवाळ त्याला घर आणि खत पुरवतं. या साखरेच्या जोरावर पॉलिप समुद्रातलं कॅल्शियम घेऊन स्वतःखाली चुनखडीचा पाया घालत राहतो. जिवंत भाग म्हणजे फक्त वरची पातळ साय. बोटाने दाबली की फाटते. फिनचा, म्हणजे पायात घालायच्या रबरी वल्ह्याचा, एक फटका पन्नास वर्षांचं काम मोडू शकतो, असं मी म्हणते ते यामुळे.

वाढ फार संथ. फांद्यांची जात वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत जाते, पण गोल, दगडासारखी दिसणारी पोराइट्स वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. हॅवलॉकच्या जवळ मी तीन मीटर उंचीचं एक पोराइट्स पाहिलं. हिशोब केला तर, बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये नागपूर वसवलं त्याच्या आसपास कधीतरी तिथे पहिला पॉलिप येऊन चिकटला असणार. शहराचं सगळं आयुष्य त्या एका गोळ्यात मावतं.

इतवारीच्या सराफ्यात मंगळासाठी अंगठीत बसवून देतात ते पोवळं वेगळं. ते लाल प्रवाळ भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढतं, त्याच्यात शैवाल नसतं आणि ते भित्तिका बांधत नाही. पाण्याखाली तुम्हाला लाल पोवळी दिसणार नाहीत. बदामी, जांभळट, पिवळी, मोरपंखी दिसतील.

मग दिसतं काय काय?

क्लाउनफिश आणि त्याचं सी अॅनिमोन दिसेलच. एका अॅनिमोनमध्ये एकच मादी असते, सगळ्यात मोठी. ती गेली की तिच्या खालचा नर मादी होतो. पॅरटफिश दिसेल, आणि थोडं थांबलात तर ऐकूही येईल: चोचीने प्रवाळ खरवडल्याची कर्रकर्र. तो ते दळून बाहेर टाकतो, आणि किनाऱ्यावरची पांढरी वाळू बऱ्याच अंशी त्याच्या पोटातून आलेली असते. अजस्र शिंपले, ज्यांचे ओठ निळ्या मखमलीसारखे, सावली पडली की मिटतात. नशीब असेल तर कासव.

मास्कमधून सगळं एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं. घरी मासा केवढा होता ते सांगताना एवढं लक्षात ठेवा.

माझी एकच सूचना. फिरू नका, थांबा. एका गोळ्यासमोर पाच मिनिटं स्थिर राहिलात तर लपलेले सगळे बाहेर येतात. जंगलात मचाणावर बसण्याची सवय असलेल्या विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

शार्क? मगर? विषारी काही?

उथळ प्रवाळावर शार्क दिसला तर तो लहान असतो आणि लांब जातो. खाऱ्या पाण्यातल्या मगरी मात्र अंदमानात खरोखर आहेत, खाड्या आणि खारफुटीच्या बाजूला. किनाऱ्यावर पाटी असेल तर तिथे पाय भिजवायलाही उतरू नका.

लायनफिश, स्टोनफिश, काळ्या काट्यांचे अर्चिन, फायर कोरल यांनी इजा होते, पण यातलं कुणीही अंगावर येत नाही. तुम्ही हात लावला किंवा पाय ठेवला तरच. कशालाही न शिवणं हा प्रवाळासाठी आणि तुमच्यासाठी एकच नियम आहे.

आठवण म्हणून किनाऱ्यावर पडलेला एक तुकडा आणला तर?

आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भित्तिका बांधणारं प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. मेलेला तुकडाही चालत नाही आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

माशांना बिस्किटं टाकतात ना? सनस्क्रीन लावू?

बिस्किटं टाकतात, आणि मला ते पाहवत नाही. प्रवाळावर वाढणारं शैवाल खाऊन ते साफ ठेवणं हे त्या माशांचं काम. मैद्याची चटक लागलेला मासा ते काम सोडतो. एका ठिकाणी तर आमच्या बोटीवरचा माणूस पर्यटकांना प्रवाळावर उभं करून फोटो काढत होता. मी हुज्जत घातली, उरलेल्यांना घेऊन दुसऱ्या बोटीत गेले. तुम्हीही नाही म्हणा. गिऱ्हाइकाने नाही म्हटलं की पद्धत बदलते, हे मी पाहिलं आहे.

सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट सदरा, घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईमध्ये २०२१ पासून बंदी आहे. लावायचंच तर झिंक ऑक्साइडचं लावा.

चष्मा, मिशा, मंगळसूत्र, पाळी?

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, किंवा नंबरचा मास्क मागा. मिशा जाड असतील तर मास्क थोडा गळतो, नाकाखालची पट्टी कातरली की पुरतं. मंगळसूत्र, अंगठ्या हॉटेलात ठेवा, पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठ्या निसटतात. पाळीत डायव्हिंग करता येतं. त्यामुळे शार्क येतात ही निव्वळ अफवा.

आधी काय खावं?

दोन तास आधी हलकं. केळी, इडली, टोस्ट. तर्री पोहे आणि सावजी परत आल्यावर. तिखट, तेलकट पोटात असेल तर आडवं तरंगताना आम्ल घशाशी येतं. बोट लागत असेल तर आल्याची वडी ठेवा आणि नजर क्षितिजावर. आदल्या रात्री दारू नाही.

पाण्याखाली बोलायचं कसं?

हातांनी. अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "मला वर जायचंय". सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीची गोल मुद्रा. आपल्याकडे अंगठा दाखवायची सवय इतकी पक्की आहे की निम्मे लोक आनंदाच्या भरात दहाव्या मिनिटाला वर आणले जातात. बोटीवरच चार वेळा घोका.

चांगला प्रशिक्षक कसा ओळखावा?

एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण, हे विचारा. पहिल्या डुबकीला एकास एक असावं, फार तर दोन. त्याचं या वर्षीचं प्रमाणपत्र पाहायला मागा, चांगला माणूस रागावत नाही. बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का, मराठी किंवा हिंदीत सूचना मिळतील का, प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं, फोटोचे पैसे वेगळे का, हे पैसे भरायच्या आधी. कमी दराचा मोह इथे नको. दर खाली येतो तो बहुतेक वेळा सरावाची वीस मिनिटं कापूनच.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं आहे. चालेल?

एकच डुबकी असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डुबक्या किंवा सलग दिवस असतील तर १८ तास. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघून जायला हा वेळ लागतो. विमानात दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. नागपूरला बहुधा चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलून यावं लागतं, म्हणजे दोनदा वर-खाली. डुबकी सहलीच्या सुरुवातीला ठेवा आणि शेवटचा दिवस सेल्युलर जेलला द्या. सावरकरांची कोठडी पाहायला आपल्याकडचा प्रत्येक जण थांबतोच.

मालवणहून गाडीने येणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही: आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे. दुपारी डुबकी आणि संध्याकाळी घाट, असं करू नका. एक रात्र खाली मुक्काम करा, मग चढा.

सराव अंबाझरीत किंवा फुटाळ्यात करू का?

मुळीच नको. तलावात गाळ आहे, तळ दिसत नाही, आणि दरवर्षी तिथे जीव जातात. स्विमिंग टँक, जीवरक्षक हजर असताना, एवढंच.

प्रवाळ मरतंय असं वाचलं. मग तिथे जाणं बरोबर आहे का?

मरतंय, हे खरं आहे. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे राहिलं की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं, खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो, आणि गारवा लवकर परतला नाही तर उपाशी मरतं. १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये अंदमानात मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ मध्ये झालं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातला चौथा मोठा प्रकोप जाहीर झाला. अंदमानने २६ डिसेंबर २००४ चा भूकंपही सोसला. उत्तर अंदमानातला तळ वर उचलला गेला आणि तिथलं प्रवाळ ओहोटीत उघडं पडून उन्हात मेलं.

पण मेलेल्या फांद्यांवर नखाएवढ्या नव्या वसाहती बसलेल्याही मी पाहिल्या आहेत. त्यांना हवं आहे गार, स्वच्छ पाणी आणि न तुडवलेली जागा. पहिली गोष्ट एकट्या पर्यटकाच्या हातात नाही, शेवटची पूर्णपणे आहे. म्हणून जा, पण टँकमध्ये तरंगायला शिकून जा, फिन वर ठेवून जा, आणि समोर कुणी प्रवाळावर उभं राहिलं तर त्याला खूण करून हलवा. मागच्या फेब्रुवारीत आमच्यासोबत आलेल्या बारा वर्षांच्या मुलीने एका मोठ्या माणसाला असं हलवलं. वर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: ती नखाएवढी जांभळी होती, ती मी कॉलेजात जाईन तेव्हा केवढी झालेली असेल? फांदीची जात असेल तर तुझ्या हाताएवढी, मी म्हटलं. ती आता दर रविवारी टँकवर येते.